सील बदलायच्या आधी दाब मोजा

गाडी जुनी झाली की ऑइल गळणारच, असं धरून चालतात. त्यातूनच एकामागून एक सील बदलण्याचा सिलसिला सुरू होतो. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या टोकाचं सील बदललं की टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) ओलं होतं, ते बसवलं की तळाच्या ऑइल चेंबरच्या कडेने थेंब येतात. इंजिनच्या पोटात, म्हणजे क्रँक फिरतो त्या क्रँककेसमध्ये, दाब साठत असेल तर नव्या सीलचंही काही चालत नाही, कारण दाबाला कुठून तरी बाहेर पडायचंच असतं. म्हणून गळती दिसली की पाना उचलण्याआधी दाब मोजावा, हे माझं ठाम मत आहे. खाली दिलेली तपासणी चार सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल इंजिनावर केलेली आहे. सील आणि पॅकिंग बदलून झाल्यावरही पुली ओली होत होती, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल ओघळत होतं आणि चढाला रेस दिली की डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची काडी) बोटभर वर येत होती.

डिपस्टिक वर येणं हे महत्त्वाचं लक्षण आहे. नळीतली काडी नुसत्या हादऱ्याने सहसा सरकत नाही, आतून कुणीतरी ढकलत असतं. दुसरं लक्षण एअर फिल्टरच्या डब्यात सापडलं. इंजिनच्या पोटातून येणारा ब्रीदर पाइप डब्याला जिथे मिळतो तिथे ऑइलचा थर होता आणि फिल्टरचा तेवढाच भाग काळा पडला होता. याचा अर्थ वायू उलट्या दिशेने येत होते. या पाइपमधून एरवी ताजी हवा इंजिनात जायला हवी.

इंजिनच्या पोटात दाब येतो कुठून? ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनभोवतीच्या रिंगच्या कडेने आणि रिंगच्या फटीतून खाली निसटतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. नव्या कोऱ्या इंजिनातही तो असतोच. 1960 च्या आसपासपर्यंतच्या गाड्यांत हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडला जायचा. नंतर पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) आलं. इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे हवा-पेट्रोल सिलिंडरकडे नेणाऱ्या वाटेतल्या, व्हॅक्यूमने हे वायू ओढून परत जाळायचे आणि त्यांच्या जागी एअर फिल्टरमधून गाळलेली हवा येऊ द्यायची, एवढंच त्याचं काम. पीसीव्ही व्हॉल्व्हच्या आत स्प्रिंगवर एक छोटा दट्ट्या असतो. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, व्हॅक्यूम जोरदार असतो, दट्ट्या ओढला जातो आणि वाट अरुंद होते. गाडी मध्यम वेगात धावत असताना व्हॅक्यूम कमी होतो, दट्ट्या मागे सरकतो, वाट मोठी होते. पूर्ण रेसला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ उरतच नाही आणि ब्लो-बाय मात्र त्याच वेळी सर्वांत जास्त असतो. तेव्हा जादाचा वायू ब्रीदरमधून एअर फिल्टरकडे जातो. थोडक्यात, आयडलिंगचा दाब आणि चढावरचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात.

सुरुवात ऑइलच्या पातळीपासून. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी काडी बघायची. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर क्रँकची वजनं ऑइलला घुसळतात, फेस होतो आणि तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. तो दाबाचा दोष वाटतो, पण असतो भरण्याचा. काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालंय. कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट ओव्हरफ्लो होणं किंवा पेट्रोल पंपाचा पडदा फाटणं ही त्याची नेहमीची कारणं. गरम झाल्यावर त्या पेट्रोलची वाफ होते आणि वायूचं प्रमाण उगाच वाढतं. या इंजिनात पातळी बरोबर होती, वासही नव्हता.

फिलर कॅप (ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण) काढून धूर बघणं ही सगळ्यांना माहीत असलेली चाचणी. तिच्यावर माझा फार विश्वास नाही. कॅप उघडी असताना थोडी वाफ प्रत्येक जुन्या इंजिनातून दिसते आणि कॅमशाफ्टच्या फिरण्याने हवा ढवळली जाते ती वेगळीच. त्यापेक्षा आयडलिंगला फिलरच्या तोंडावर जाडसर कागद ठेवावा. यंत्रणा चालत असेल तर काही सेकंदांत कागद चिकटून बसतो. इथे तो थरथरत वर उचलला जात होता.

आकडा हवा असेल तर पाण्याचा मॅनोमीटर पुरतो. 6 मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी फळीवर यू आकारात बांधायची, दोन्ही बाजू किमान 60 सेंटीमीटर उंच ठेवायच्या, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरायचं. बाजू आखूड ठेवल्या आणि व्हॅक्यूम जोराचा निघाला तर पाणी इंजिनात ओढलं जाईल, म्हणून ही उंची. एक टोक उघडं, दुसरं इंजिनाला. जोडायला जुनी फिलर कॅप भोक पाडून वापरली, त्यात नळीचा तुकडा चिकटवला. पुष्कळजण डिपस्टिकच्या नळीला जोडतात, पण कितीतरी इंजिनांत ती नळी ऑइलच्या पातळीखाली बुडालेली असते. मग मॅनोमीटरला दाब कळतच नाही, किंवा ऑइल वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला उंचीचा फरक मिलिमीटरमध्ये मोजायचा. 100 मिमी पाणी म्हणजे साधारण 0.01 बार. ऐकायला क्षुल्लक आहे, पण क्रँक सीलची ओठासारखी कड फक्त ऑइल अडवायला बनवलेली असते, दाब धरून ठेवायला नाही. ती जुनी आणि कडक झाली असेल तर एवढा दाबही ऑइलला बाहेर ढकलायला पुरतो.

इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंगला मोजलं. पाणी 30 मिमी दाबाच्या बाजूला गेलं. पेट्रोल इंजिनात आयडलिंगला ते शून्याच्या किंचित खाली, म्हणजे व्हॅक्यूमच्या बाजूला असायला हवं. ब्रीदरची नळी एअर फिल्टरकडून काढून तिचं तोंड काही सेकंद बंद केलं तर निरोगी यंत्रणेत व्हॅक्यूम वाढत जाऊन 25 ते 75 मिमी किंवा त्याहून पुढे जातो. इथे तोंड बंद केल्यावर पाणी उलट दिशेने सरकायला लागलं. बोट लगेच काढलं. वायू ओढला जातच नव्हता.

मग पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो नुकताच बदललेला होता आणि हलवल्यावर खुळखुळत होता. खुळखुळण्यावरून दट्ट्या मोकळा आहे एवढंच कळतं, वायू जातोय की नाही ते कळत नाही. आयडलिंगला व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमधून ओढून बाहेर काढला आणि तळाशी अंगठा लावला. अंगठा जोरात ओढला जायला हवा, आत टकक असा आवाज यायला हवा आणि आयडलिंगमध्ये थोडा फरक पडायला हवा. इथे यातलं काहीच झालं नाही. म्हणून व्हॉल्व्ह नळीपासून सोडवला आणि अंगठा नळीच्याच तोंडाला लावला. तिथेही ओढ जेमतेम. नळी मॅनिफोल्डवरून काढली, आतून बघितली. ठीक होती. दोष उरला मॅनिफोल्डच्या निपलमध्ये, म्हणजे नळी बसते त्या तोंडात. टॉर्च मारल्यावर दिसलं की भोक कार्बनने जवळजवळ बुजलंय, मध्ये सुईएवढी वाट शिल्लक आहे.

पीसीव्हीच्या कामात नेमकं हेच सुटतं. व्हॉल्व्ह स्वस्त आणि हाताशी असतो म्हणून तो बदलतात, पण मॅनिफोल्डचं निपल आणि टॅपेट कव्हरच्या आतली पत्र्याची जाळी यांच्याकडे कुणी बघत नाही. ऑइलचे कण आणि धूर वर्षानुवर्षं तिथूनच जातात, तेव्हा कार्बन तिथेच साचणार.

निपल साफ करायला इंजिन बंद करून, हाताने फिरवलेली ड्रिल बिट वापरली. टोकाला ग्रीस लावलं की कार्बनची पूड तिलाच चिकटून बाहेर येते, मॅनिफोल्डमध्ये पडत नाही. मशीन लावू नये, मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असतो आणि भोक मोठं झालं तर दुरुस्ती अवघड. शेवटी कार्ब्युरेटर क्लीनर मारून कापडाने पुसलं. टॅपेट कव्हर उतरवून आतल्या जाळीत डिझेल भरून ठेवलं, नंतर हवा मारली. ही जाळी वायूतलं ऑइल अडवते आणि खाली ठिबकू देते. ती बुजली तर वायू अडतो, आणि तिचे ठिबकायचे मार्ग बुजले तर ऑइल सरळ पीसीव्हीत जातं. हेडमधून ऑइल खाली यायची भोकंही तेव्हाच बघून घ्यावीत. ती चिखलाने भरली असतील तर हेडवर ऑइल साठतं आणि कव्हरचं पॅकिंग कायम बुडालेलं राहतं.

नळीबद्दल एक गोष्ट. पीसीव्हीला ऑइल सोसणारी नळी लागते. पाण्याची साधी नळी लावली तर ऑइलने आतला थर फुगतो, मऊ पडतो आणि इंजिन गरम झाल्यावर व्हॅक्यूमने चपटा होतो. थंड असताना सगळं बरोबर दिसतं, म्हणून नळी गरम इंजिनावरच दाबून बघावी. ब्रीदरच्या टोकाशी एअर फिल्टरच्या डब्यात जुन्या गाड्यांत तारेची जाळी असते, तीही धुवावी. ती बुजलेली असेल तर आयडलिंगला व्हॅक्यूम वाजवीपेक्षा जास्त येतो आणि पूर्ण रेसला वायूला बाहेर पडायला जागाच राहत नाही.

जोडणी झाल्यावर आयडलिंग चढलं आणि इंजिन थोडं अडखळायला लागलं. हे अपेक्षित आहे. पीसीव्ही म्हणजे ठरवून ठेवलेली हवेची गळती. ती बंद असतानाच मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, जुळवलेलं होतं, आता हवा येऊ लागल्यावर मिश्रण पातळ झालं. मिक्श्चर आणि आयडल स्क्रू पुन्हा जुळवावे लागतात. अडखळतंय म्हणून पीसीव्ही परत बुजवणं हा उपाय नाही. मॅनोमीटरवर आता आयडलिंगला 10 मिमी व्हॅक्यूम, ब्रीदर बंद केल्यावर 60 च्या पुढे.

चढावरचं मोजमाप राहिलं होतं. चालत्या गाडीत पाण्याची यू नळी जमत नाही, तिथे कमी दाबाचा गेज लागतो आणि तो वाचायला शेजारी दुसरा माणूस हवा. चालवणाऱ्याने वाचायचा प्रयत्न करू नये. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर काटा दाबाच्या बाजूला गेला आणि 90 मिमीच्या आसपास थांबला. डिपस्टिक आता जागेवर राहिली, पण ब्रीदर मोकळा असताना हा आकडा मला जास्त वाटतो. शिवाय काटा स्थिर नव्हता, ठरावीक तालात उडत होता. चारही सिलिंडरच्या रिंग सारख्याच झिजल्या असतील तर दाब साधारण एकसारखा राहतो. काटा असा तालात उडत असेल तर एखाद्या सिलिंडरवर संशय घ्यावा.

तो सिलिंडर शोधायला कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब, मोजायचा. त्यात घाई करू नये. इंजिन गरम, बॅटरी चार्ज, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद. स्टार्टर प्रत्येक सिलिंडरला सारखाच फिरवायचा, पाच-सहा ठोक्यांपर्यंत, आणि पहिल्या ठोक्याला काटा किती चढला तेही लिहून ठेवायचं. 1, 2 आणि 4 मध्ये 11.5 ते 12 बार आले, 3 मध्ये 10.2 आणि तिथे पहिल्या ठोक्याला काटा सुस्त. 3 मध्ये चमचाभर, म्हणजे 5 मिलीलीटर ऑइल टाकून पुन्हा घेतलं, 11.6 आले. ऑइलने फट बुजून दाब वाढला म्हणजे दोष रिंग किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा), इनटेक-एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा नाही. डिझेल इंजिनात ही ओली चाचणी करू नये. तिथे जागा इतकी थोडी असते की टाकलेल्या ऑइलमुळेच आकडा फसवा येतो, आणि जास्त ऑइल पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

फक्त कॉम्प्रेशनवर निकाल देऊ नये, लीक-डाउन चाचणी जास्त सांगते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून सुमारे 7 बार हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते दोन गेजवरून वाचायचं. पिस्टन बरोबर टोकाला नसेल तर हवेच्या जोराने क्रँक फिरतो, म्हणून पुलीच्या नटावर पाना अडकवून ठेवू नये, हात जायबंदी होऊ शकतो. हवा कुठून निसटते ते कानाने कळतं. कार्ब्युरेटरमधून फुस येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, फिलरमधून आली तर रिंग. 10 टक्क्यांच्या आसपास जुन्या इंजिनाला चांगलं, 20 च्या वर काळजी. बाकीचे तिन्ही 9 ते 11 मध्ये होते. 3 मध्ये 26 टक्के, आणि फिलरला कान लावल्यावर स्पष्ट सुस्कारा.

एवढ्यावरून इंजिन उघडायला मी सांगणार नाही. झिजलेली रिंग आणि कार्बनने खाचेत अडकलेली रिंग या दोन्हींचा आकडा सारखाच येतो. अडकलेली रिंग सुटू शकते. गरम इंजिनात पिस्टन साधारण मध्यावर आणून प्रत्येक सिलिंडरमध्ये 30 मिलीलीटरच्या आसपास कार्बन विरघळवणारं द्रव टाकून रात्रभर ठेवलं. सकाळी प्लगच्या भोकांवर कापड धरून, प्लग न लावताच स्टार्टर फिरवायचा. ही पायरी चुकवली आणि पिस्टनवर द्रव तसंच राहिलं तर ते दाबलं जात नाही, इंजिन अडकून रॉड वाकतो. बरंचसं द्रव खाली ऑइलमध्ये उतरतं, त्यामुळे ऑइल आणि फिल्टर लगेच बदलायचे. नवं ऑइल टाकून गाडी रोजच्या वापरात फिरवल्यावर 3 मध्ये लीक-डाउन 15 टक्के आला, चढावर दाब 40 मिमीच्या खाली. आकडा जसाच्या तसा राहिला असता तर पिस्टन बाहेर काढण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

टर्बो आणि डिझेल इंजिनांत आणखी दोन जागा बघाव्यात. टर्बोच्या पेट्रोल गाडीत पीसीव्हीच्या वाटेवर एकदिशा व्हॉल्व्ह असतो. तो बिघडला तर बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा, दाब मॅनिफोल्डमधून सरळ इंजिनच्या पोटात शिरतो. टर्बोची शाफ्ट झिजली तरी एक्झॉस्टचे वायू ऑइलच्या परतीच्या नळीने खाली येतात. डिझेलमध्ये ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप आपली हवा इंजिनातच सोडतो. बूस्टरच्या नळीला गळती असेल तर पंप न थांबता बाहेरची हवा ओढून आत भरत राहतो आणि दोष रिंगवर येतो. गाडी उभी असताना पंपाची नळी काढून पंपाचं तोंड बंद करावं आणि दाब उतरतो का ते बघावं. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता रिंग बदलायला घेऊ नयेत.

दाब आटोक्यात आल्यावर गळतीकडे वळायचं. त्याआधी सगळं इंजिन डिग्रीजर आणि ब्रशने धुऊन, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर झाकून, पूर्ण सुकवलं. ओल्या चिखलात गळतीचा उगम सापडत नाही. ऑइल खाली उतरतं आणि चालत्या गाडीच्या हवेने मागे सरकतं, म्हणून सर्वांत उंच आणि सर्वांत पुढचा ओला भाग शोधायचा. संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर मारून इंजिन पंधरा मिनिटं चालवलं की पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. टॅपेट कव्हरची मागची बाजू आणि क्लच हाउसिंग यांत नेहमी गल्लत होते. कव्हरच्या मागून ओघळलेलं ऑइल हाउसिंगच्या तळाशी येऊन थेंब पडतो आणि मागच्या क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवला जातो. आधी वर हात घालून बघावं. थेंबाला गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल, मग सील गिअरबॉक्सचं.

इथे दाब गेल्यावर मागच्या कोपऱ्यातली गळती उरली होती, पुली मात्र कोरडी झाली. ऑइल प्रेशर स्विचच्या वायरच्या टोकावर थोडा ओलावा होता. स्विच आतून गळतो, घट्ट आवळून थांबत नाही, बदलावा लागतो. कव्हरचं पॅकिंग बदलताना जुना सिलिकॉन पूर्ण खरवडून, जागा ब्रेक क्लीनरने पुसून, फक्त हेडच्या कडेवरच्या अर्धगोल भागाच्या दोन कोपऱ्यांत मुगाएवढा सिलिकॉन लावला. पूर्ण पॅकिंगवर सिलिकॉन फासला तर आत निघालेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. पत्र्याचं कव्हर जास्त आवळलं की बोल्टपाशी खाली दबतं आणि मध्ये उचलतं. 6 मिमीच्या बोल्टला साधारण 8 ते 10 न्यूटन मीटर पुरे, मध्यापासून बाहेर, दोन फेऱ्यांत.

पुढचं सील पुन्हा बदलायची गरज पडली असती तर आधी क्रँकवर नख फिरवून बघितलं असतं. जुन्या सीलने खाच पाडली असेल आणि नख अडत असेल तर नवं सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. ते मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुढे-मागे बसवावं किंवा क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवावी. रबराच्या ओठाला बसवताना ऑइल लावतात, टेफलॉनचं सील मात्र कोरडंच बसवायचं आणि काही तास तसंच ठेवून मग इंजिन चालू करायचं. शेवटी पाचशे किलोमीटर चालवून, इंजिन तितकंच गरम असताना, त्याच कॅपवर मॅनोमीटर पुन्हा लावून आयडलिंगचं आणि चढावरचं मोजमाप आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवायचं. पुढच्या वर्षी पहिला थेंब दिसला की तुलनेला हेच आकडे लागतात.